उंबरा उघडा पडला

माझं माहेर माळावरचं. तिथं पाणी म्हणजे खोल विहिरीच्या तळाशी दिसणारं ताटाएवढं आभाळ. लग्न होऊन मी राळेगाव तालुक्यातल्या वर्धेकाठच्या गावात आले, त्या वर्षी नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. मी घाबरून सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, एवढं पानी कोनाचं वो?"

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत. त्या म्हणाल्या, "आपलंच हाये. पन जपून वापरजो."

आत्याबाई अशाच होत्या. जगातली कोणतीही गोष्ट एकतर त्यांची होती, नाहीतर त्यांच्या विहीणबाईंनी बिघडवलेली होती.

विहीणबाई राहत नदीपलीकडे. माझी नणंद त्यांच्या घरी दिलेली. लग्नाच्या पंगतीत विहीणबाईंनी वरणात बोट बुडवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "वरनात नदीच वळती केली काय?" आत्याबाई भाताचं पातेलं घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इहीनबाई, तुमच्या पोटाची खोली पाहून पानी टाकलं." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आत्याबाईंनी तर त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही अशी शपथ घेतली होती.

पुढच्या वर्षी नणंदेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण आम्ही निरोप धाडला की पलीकडून उत्तर यायचं, आज अमावस्या आहे, आज पूर आहे, आज घरात पाहुणे आहेत. शेवटी बाळ तिकडेच झालं. मुलगी झाली. त्या दिवसापासून आत्याबाईंच्या तक्रारीत वरण मागे पडलं आणि बाळंतपण पुढे आलं.

बारशाला मात्र जाणं भागच होतं. पोळा होऊन गेला होता. शेतात कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी झालेली, गडीमाणसं निंदण-डवरणीत अडकलेली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "तू जा अन् सूनबाईले सोबत ने. दिवसाउजेडी परत ये."

"परत येईन नाही तं काय तिथं ऱ्हाईन?" आत्याबाई म्हणाल्या आणि तयारीला लागल्या. बारशाच्या टोपल्यात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, बाळाला अंगडं-टोपडं, पाळण्याला रंगीत दोरी. त्याशिवाय एका फडक्यात भाकरी आणि ठेचा, आणि झाकणाला आटे असलेला पितळी तांब्या काठोकाठ भरून. मी पाहतच राहिले.

"आत्याबाई, बारशाले चाललो ना आपन?"

"बारशाले चाललो. जेवाले नाही."

आता पलीकडे जायचं कसं, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येई. पावसाळ्यात गाडीवाट काळ्या मातीत बुडालेली, मोटर तर दूर राळेगावालाच. उरला डोंगा, म्हणजे लहान नाव. आमच्या गावाला एकच डोंगा होता, सागाच्या फळ्यांचा. पलीकडचा काठ म्हणजे उभी दरड, पाय ठेवला की माती घेऊन खाली. उतरायला एकच जागा होती. त्या गावाचा नाला नदीला मिळायचा तिथं दोन काळे खडक समोरासमोर उभे होते, आणि त्यांच्यामधून डोंगा जाईल एवढीच फट. आत गेलं की नाला रुंद व्हायचा आणि शांत डोह लागायचा. पुरात त्यांचे सगळे डोंगे त्या डोहात बांधलेले असत. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मामाजी म्हणायचे, "मुंबईत गेलो पन समुद्र काही आला नाही. हाये ते बंदर इहीनबाईच्या गावाले."

त्या फटीच्या तळाशी खडकाचाच एक आडवा पट्टा होता. त्याला सगळे उंबरा म्हणत. नदी फुगली की पाणी उंबऱ्यावरून आत शिरायचं आणि डोंगा डोहात जाऊ शकायचा. नदी उतरली की उंबरा उघडा पडायचा. मग आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. डाव्या खडकावर शेंदूर फासलेला उभट दगड होता. देव कोणता ते कोणाला माहीत नव्हतं, पण त्याचा नियम पोरासोरांना पाठ होता. पाणी देवाच्या कमरेला, तर या. गुडघे दिसले, तर निघा. पाय दिसले, तर राहा.

डोंगेवाला गप्पिष्ट माणूस. पोट मोठं आणि त्याहून मोठं तोंड. नदी आपल्याला भिते असं तो सांगायचा. मी पहिल्यांदाच डोंग्यात बसत होते. दोन्ही हातांनी काठ धरून डोळे मिटून घेतले. तेवढ्यात तो म्हणाला, "सूनबाई, डोळे उघडा. मिटले म्हनून पानी कमी नाही होत."

मी डोळे उघडले. पाणी गढूळ, चहासारखं. एक अख्खं झाड मुळांसकट आमच्या बाजूने वाहत गेलं. त्यावर एक कावळा शांतपणे बसलेला. त्याला पाहून मला जरा धीर आला. तो काही काठ धरून बसला नव्हता.

खडक जवळ आले तसा डोंगेवाला ओरडला, "हात आत घ्या! कोपरं आत! कोनी हलू नका!" पाणी देवाच्या कमरेला होतं. त्याने बांबू एका खडकाला टेकवला, डोंगा तिरपा झाला आणि मग पुढच्या टोकाने फटीत घुसला. दोन्ही बाजूंनी ओला काळा खडक इतका जवळ, की जीभ काढली असती तर लागला असता. आत्याबाईंनी टोपलं छातीशी धरलं आणि खडकालाच दम दिला, "सरक तिकडे!" खाली बुडाला काहीतरी खर्रकन घासलं. पुढच्याच क्षणी आवाज थांबला, वारा थांबला, आणि आम्ही हिरव्या शांत डोहात होतो. काठावर चिंचेचं झाड, झाडाला बांधलेले डोंगे, कपडे धुणाऱ्या बाया. मला ती जागा इतकी आवडली, की पुन्हा बाहेर जाऊन परत आत यावं असं वाटलं.

"देवाचे गुडघे दिसले की हाक मारजो," आत्याबाईंनी डोंगेवाल्याला बजावलं.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. उंच बाई, आवाज असा की गोठ्यातली म्हैस वळून पाही. त्यांनी माझ्याकडे बघत म्हटलं, "सूनबाई, तुह्या सासूले सांग, पाय धुवाले पानी ठेवलं हाये."

आत्याबाईंनीही माझ्याकडेच पाहिलं. "सांग तिले, पाय नदीत धुतले."

सकाळभर हेच चाललं. विहीणबाई चुलीपाशी, आत्याबाई ओसरीवर, आणि मी मधल्या घरात ये-जा करणारी. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की या दोघींना एकमेकींचं काही ऐकू येत नाही, जे येतं ते फक्त माझ्याकडून. मग मला जरा मजा सुचली. विहीणबाई म्हणाल्या, "विचार तिले, बसल्या जागी मुळं फुटली काय?" मी बाहेर येऊन सांगितलं, "त्या म्हनतात, दमल्या असतील, निवांत बसा." आत्याबाई बुचकळ्यात पडल्या. "असं म्हनली? तिले सांग, मले तिच्या निवांतपनाची गरज नाही." मी आत जाऊन सांगितलं, "म्हनतात, घर मोठं छान सारवलं हाये." विहीणबाईंच्या हातातली पुरणाची पोळी तव्यावरच थांबली.

बाळ पाळण्यात घातलं. आत्याबाईंनी नवी दोरी बांधली, आणि दोरी ओढता ओढता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पदराऐवजी बाळाच्या टोपड्याला पुसलं. नाव काय ठेवलं ते मी सांगत नाही. ती पोरगी आता स्वतः आजी आहे आणि तिला ते नाव अजून आवडत नाही. घुगऱ्या वाटल्या, बायांनी पाळणा म्हटला. गर्दी जरा पांगली तेव्हा नणंदेने मला खाटेपाशी ओढलं.

"वहिनी, मायले आज जाऊ देऊ नको."

"मी कशी थांबवू वो? त्या तं तांब्या भरून आल्या."

"मले नाही मालूम. तूच कर काही. मले माय पाह्यजे." असं म्हणून ती रडायलाच लागली. बाळंतीण बाई, तिला रडू देणं बरं नाही. मी उठले.

मागच्या अंगणात डोंगेवाला आला होता. "सूनबाई, गुडघे दिसून राह्यले. बाईले म्हना, निघा."

"त्या निघूनच राह्यल्या," मी म्हटलं. "बाळाची दृष्ट काढून राह्यल्या. तुम्ही जेवले काय?"

"जेवलो, पन..."

त्या 'पन' मध्येच सगळं होतं. मी ताट वाढलं. पुरणपोळ्या, वर तुपाची धार, वडे, कढी. त्याने मांडी घातली. मी वाढत गेले. पोळी संपत आली की दुसरी. "आता बस, सूनबाई." "एवढीच." "देवाचे पाय..." "देव कुठं पळून नाही चालला." शेवटी तो भिंतीला टेकला, पागोटं डोळ्यांवर ओढलं, आणि घोरू लागला. मी ओसरीवर जाऊन आत्याबाईंना सांगितलं, "डोंगेवाला म्हनतो, अजून वेळ हाये."

ऊन उतरलं तशा आत्याबाईच उठल्या आणि डोहाकडे निघाल्या. मी मागे. खडकापाशी जाऊन पाहतो तर देव पायांपर्यंत मोकळा, कोरडा, शेंदूर उन्हात चमकतोय. उंबऱ्यावरून पाण्याची बोटभर धार बाहेर पडत होती. उंबऱ्यावर एक बगळा उभा होता. डोहातलं पाणी होतं तसंच होतं, डोंगाही होता, फक्त दार बंद झालं होतं.

डोंगेवाला डोळे चोळत धावत आला.

"उचलून बाहेर काढ," आत्याबाई म्हणाल्या.

"खडकावरून ओढला तं बूड फुटन, बाई. मंग तिघांलेही पोहावं लागन."

"कवा निघन?"

त्याने वर आभाळाकडे पाहिलं. आभाळ लख्ख निळं. "पानी आलं की."

आमच्या गावाला हे नवं नव्हतं. डोंगा परत आला नाही म्हणजे उंबरा उघडा पडला, एवढं सगळ्यांना कळायचं. पलीकडे कोणी काळजी करणार नाही, हेही आत्याबाईंना ठाऊक होतं. तेच त्यांना जास्त लागलं असावं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "ऱ्हाईन. पन पानी नाही पिनार."

विहीणबाईंनी चुलीपुढून उत्तर दिलं. नाव माझं, पण आवाज ओसरीपर्यंत जाईल असा. "सांग तिले, नको पिऊ. आमच्या रांजनाचं काही अडलं नाही."

दुसऱ्या दिवशी तांब्या रिकामा झाला. आत्याबाई उठल्या, डोहावर गेल्या, आणि बाया धुणं धुतात त्याच्या वरच्या अंगाला जाऊन तांब्या भरून आणला. तुरटी फिरवली, फडक्याने गाळलं आणि ओसरीवर सगळ्यांदेखत प्यायल्या. "नदीचं पानी हाये. आमच्या गावाले लागून येते."

विहीणबाई बाहेर आल्या. "नाल्याचं पानी हाये. आमच्या वावरातून येते."

"नदीच आत घुसलती. मी सोता पाह्यलं. त्याच्यावरच बसून आलो."

"घुसलती ते काल. कालचं पानी निघून गेलं. हे आमचं."

विहीणबाईंचे यजमान, आमचे व्याही, गरीब स्वभावाचे. ते सुपारी कातरत म्हणाले, "अर्धं तुमचं, अर्धं आमचं समजा ना." दोघींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते अडकित्ता तिथंच ठेवून बैल पाहायला गेले. पण एक गोष्ट झाली होती. दोघी पहिल्यांदा एकमेकींशी थेट बोलल्या होत्या. माझा मधला धंदा बसला.

जेवणाचा प्रश्न आत्याबाईंनी वेगळ्याच रीतीने सोडवला. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक झाल्या आणि मग त्यांना बुरा आला. मी काही शपथ घेतलेली नव्हती, मी पहिल्या दिवसापासून व्यवस्थित जेवत होते. आत्याबाई मात्र लेकीच्या खाटेवर बसत आणि तिच्यासाठी स्वतः आणलेले डिंकाचे लाडू खात. "हे माह्या घरचे हायेत," त्या म्हणायच्या. लाडू संपत आले, तसा लेकीच्या ताटातला घासही चालू लागला, कारण लेक त्यांची होती. त्यात तूप, खसखस, मेथी. बाळंतिणीचं खाणं आत्याबाईंना इतकं मानवलं, की त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. नणंद मला म्हणाली, "वहिनी, बाळंतीन कोन हाये, मी का माय?"

पण आत्याबाईंची एक अडचण होती, ती मला माहीत होती आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्या गुडाखू लावायच्या. तंबाखूचं ते काळं गोड लुकण. पहाटे सगळे उठायच्या आत, मामाजींपासून लपून, दातांना चोळून बसायच्या. कमरेच्या पिशवीत छोटी पत्र्याची डबी असायची. एका दिवसासाठी आल्या होत्या, डबीत किती असणार? दोन दिवसांनी त्यांची चिडचिड सुरू झाली. बाळ रडलं की चिडत, बाळ झोपलं की चिडत. बगळ्यावरसुद्धा चिडल्या.

अशाच एका उजाडत्या सकाळी मी गोठ्यामागे गेले. तर गोठ्याच्या भिंतीआड, कडब्याच्या गंजीला टेकून विहीणबाई बसलेल्या. डोळे मिटलेले, तर्जनी तोंडात. आणि गंजीच्या दुसऱ्या बाजूने, रिकामी डबी हातात घेऊन, आत्याबाई येत होत्या. बहुतेक एकटीने रडावं म्हणून आल्या असाव्यात. मी चटकन म्हशीच्या आड झाले.

आत्याबाई थांबल्या. विहीणबाईंनी डोळे उघडले. बोट तोंडातच. मग आत्याबाईंनी हवेतला वास ओढून घेतला.

"गुडाखू हाये काय ते?"

विहीणबाईंनी बोट काढलं. "आमच्या मानसाले मालूम नाही. सांगसान तं पाह्यजा."

आत्याबाईंनी आपली रिकामी डबी पुढे धरली. विहीणबाईंनी ती पाहिली, उलटी केली, टकटक वाजवली. आणि त्यांच्या तोंडातून असं हसू फुटलं, की म्हैस दचकून माझ्या पायावर उभी राहिली. मी ओठ दाबून धरले.

"अन् शपथ?" विहीणबाईंनी विचारलं.

"शपथ पान्याची हाये, अन् अन्नाची. हे कोन्या घरात अन्न म्हनतात?"

"बसा मंग."

दोघी गंजीला टेकून बसल्या. चोळून झालं. मग खरी पंचाईत आली, कारण गुडाखूनंतर चूळ भरावीच लागते. विहीणबाईंनी आपला तांब्या सरकवला. आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि चूळ भरून दूर थुंकली. "प्याली नाही," त्या म्हणाल्या.

"मी कुठं म्हनलं प्याल्या?"

पुढे जे बोलणं झालं ते मी म्हशीआडून ऐकलं, पण ते ऐकताना मला हसू आलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "एक इच्यारतो. पोट्टीले काहून नाही धाडलं बाळंतपनाले?"

विहीणबाईंनी बोट लुगड्याला पुसलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सातव्यातच तिच्या पोटात दुखाले लागलतं. सुईन म्हने, हलवू नका. मी अशा पोरीले डोंग्यात बसवू? मधात काही झालं असतं तं? तुमची पोट्टी बुडवली म्हनल्या असत्या. ठेवली तं अडकवली म्हनता. दोन्हीकडून मीच वाईट."

"तं सांगाचं ना तसं!"

"सांगतलं असतं तं तुम्ही पुरातून पोहत आल्या असत्या."

आत्याबाईंनी रिकामी डबी पिशवीत टाकली. त्या खरंच पोहत गेल्या असत्या आणि त्यांना पोहता येत नव्हतं. मग त्यांनी बोट पुढे केलं. "जराकसं अजून द्या."

मग गप्पा लागल्या. मी जाऊ शकत नव्हते, म्हैस पायावरून हटत नव्हती. नवऱ्यांचं झालं, जावांचं झालं. मग विहीणबाई म्हणाल्या, "तुमाले एक सांगू? त्या दिवशी डोंगेवाल्याले मीच थांबवलं. तुम्ही पाळन्यापाशी होत्या तवा ओसरीच्या बाजूने आलता, म्हने गुडघे दिसून राह्यले. म्हनलं, बस, जेव, मंग जाजो. सून माही रडून राह्यलती, मायले ठेवा म्हनून. खाऊ घातल्या धा पोळ्या."

"ओसरीच्या बाजूने?" आत्याबाई म्हणाल्या. "माह्या सूनबाईनं तं त्याले मांगच्या आंगनात वाढलं. मी खिडकीतून पाह्यलं. म्हनलं, एवढी कायची खातिरदारी करून राह्यली?"

म्हणजे त्या लबाड माणसाने दोन्ही अंगणांत जेवून घेतलं होतं. आणि नणंदेने दोघींपुढे वेगवेगळं रडून घेतलं होतं. मी म्हशीला ढकलायला गेले तशी ती हंबरली आणि दोघींनी वळून पाहिलं.

"ये बाहेर," आत्याबाई म्हणाल्या. "म्हशीले कायले त्रास देतं?"

मला वाटलं आता खैर नाही. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तुह्या मामाजीले सांगशीन?"

"कायचं, आत्याबाई?"

"शायनी हाये," विहीणबाई म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी आत्याबाई पानावर बसल्या. विहीणबाईंनी वाढलं, आत्याबाईंनी खाल्लं, पाणीही प्यायल्या. व्याह्यांनी आश्चर्याने तोंड उघडलं, तेव्हा विहीणबाईंनी त्यात भजं कोंबलं. डोंगेवाल्याचं मात्र जेवण त्या दिवसापासून ज्वारीची भाकर आणि चून, म्हणजे नुसतं पिठलं. दोघींनी मिळून ठरवलं होतं.

पाणी आलं ते वरच्या भागात पाऊस पडून. आमच्याकडे ढगसुद्धा नव्हता आणि सकाळी पोरं ओरडत आली, "देव बुडाला! कमरेइतका बुडाला!" डोंगेवाला दोर सोडायला धावला, कारण चुनाला तो कंटाळला होता. आम्ही घाईघाईने सामान बांधलं. नणंद रडली, पण हे रडणं बिनकामाचं होतं, म्हणून खरं वाटलं. आत्याबाईंनी बाळाच्या गालाचा मुका घेतला.

विहीणबाई डोहापर्यंत पोचवायला आल्या. दोघींचं एक बोलणं अर्धवट राहिलं होतं, कोणाच्यातरी चुलतसुनेबद्दल. ते बोलता बोलता विहीणबाई डोंग्यात चढल्या. "फटीपरेंत येतो. देवाच्या खडकावर उतरवून दे मले, तिथून जाईन पायी."

डोंगेवाला म्हणाला, "बाई, तिथं डोंगा थांबत नाही."

"तुह्यासारखे धा डोंगेवाले पाह्यले," विहीणबाई म्हणाल्या आणि आत्याबाईंच्या शेजारी बसल्या.

आत येताना आम्ही प्रवाहाशी भांडत, हळूहळू शिरलो होतो. बाहेर जाणं वेगळं असतं हे मला ठाऊक नव्हतं. डोह काठोकाठ भरलेला, नदीची लाट मागे सरकली की डोहातलं पाणी त्या फटीतून एकदम बाहेर ओढलं जायचं. डोंगेवाल्याने ओरडून सांगितलं, "कोपरं आत!" विहीणबाई उतरण्यासाठी उठून उभ्या राहत होत्या. आत्याबाईंनी त्यांचं लुगडं धरून खाली खेचलं. दोन काळे खडक दोन्ही बाजूंनी सर्रकन मागे गेले, शेंदराचा एक लाल पट्टा डोळ्यांपुढून गेला, बुडाला उंबरा घासला, आणि आम्ही नदीत होतो. डोंगा एकदा स्वतःभोवती गोल फिरला. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. मी मोठ्याने हसत होते, भीतीने की आनंदाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

"वापस घे!" विहीणबाई ओरडल्या.

"आता वापस नाही होत," डोंगेवाला म्हणाला. त्याच्या आवाजात भाकर-चुनाचा सगळा सूड होता. "आता पलीकडे. अन् हे पानी सांजच्याले उतरन."

विहीणबाईंनी मागे पाहिलं. खडक लहान होत चालले होते. मग त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई समोर नदीकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "ती चुलतसून. मंग काय झालं तिचं?"

अशा विहीणबाई अंगावरच्या लुगड्यानिशी आमच्या घरी आल्या. मामाजी त्यांना आत्याबाईंसोबत हसत येताना पाहून खाटेवरून उठून उभे राहिले आणि काही न विचारता पुन्हा बसले. डोंगेवाल्याने म्हटल्याप्रमाणे पाणी संध्याकाळी उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी नदीवर धुणं घेऊन गेलो, तर पलीकडच्या दरडीवर व्याही उभे दिसले. दोन्ही हात तोंडाशी धरून ते काहीतरी ओरडत होते. नदी रुंद, वारा उलटा. अर्धे शब्द मधल्या मध्येच वाहून जात होते.

"काय म्हनून राह्यले?" आत्याबाईंनी विचारलं.

विहीणबाईंनी कान दिला. "म्हनतात, सावकाश या."

व्याह्यांनी एका हाताची मूठ वळून ती हवेत गोल फिरवली. पुन्हा ओरडले. या वेळी मला एक शब्द ऐकू आला, किल्ली. मी विहीणबाईंच्या कमरेकडे पाहिलं. तिथं कोठीघराची किल्ली लटकत होती. धान्य, तूप, गूळ, पीठ, सगळं त्या कोठीत.

"इहीनबाई, किल्ली मांगून राह्यले," आत्याबाई म्हणाल्या.

"मालूम हाये मले," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी उठून व्याह्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि पुन्हा बसल्या. "सूनबाई बाळंतीन हाये, तिच्यासाठी तूप-गूळ-पीठ सारं मी बारशालेच बाहेर काढून ठेवलं. शेजारीन रांधून देईन तिले. बाकीचे राहू दे दोन दिवस शेजाऱ्याकडे जेवत. कळन."

दोघी खूप हसल्या. आत्याबाईंनी धुणं आपटता आपटता मलाही हसायला लावलं. थोड्या वेळाने पाहतो तर व्याही दरडीवरून गेलेले. मग परत आले. आता त्यांच्या हातात काहीतरी लांब होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून आम्हाला दाखवलं. लोखंडी सब्बल होती. कुलूप फोडतो, असं त्यांना म्हणायचं होतं.

विहीणबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या ताडकन उठल्या, लुगड्याचा ओचा खोवला, गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरल्या आणि ओरडल्या, "माह्या कुलुपाले हात तं लावून पाहा!"

वारा उलटा होता तरी तो आवाज नदी ओलांडून पूर्ण गेला असावा. कारण पलीकडे व्याह्यांनी सब्बल हळूच खाली ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले.